वायर जरा वर धर

सँडर मशीनची वायर तुटली म्हणून काम थांबवणारा माणूस आता विरळा झाला आहे. समाज म्हणून आपण केलेल्या प्रगतीची ही मोठी खूण आहे. फर्निचरचं काम चालू असलेल्या कोणत्याही फ्लॅटमध्ये जाऊन पाच मिनिटं उभे राहा. व्हिनियरच्या दारावर सँडर फिरत असतो, मध्येच त्याचा आवाज बसतो, मशीन थांबतं. मिस्त्री मान वर न करता म्हणतो, "बारक्या, वायर जरा वर धर." बारक्या मशीनच्या मागच्या तोंडाशी दोन बोटांनी वायर उचलतो, किंचित डावीकडे वळवतो आणि श्वास रोखून तशीच धरतो. मशीन पुन्हा गुरगुरू लागतं. खोलीतल्या कोणालाच यात काही नवल वाटत नाही, आणि नवल न वाटणं हेच खऱ्या संस्काराचं लक्षण आहे. या वायरीकडे आपण नागरिक म्हणून आजवर पुरेशा आदरानं पाहिलेलं नाही. तिच्या बाजूनं जे जे सांगता येईल ते एकदा नीट मांडावं, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी ही वायर या पदाला पोचते कशी, ते पाहू. कोणतंही मोठेपण एका दिवसात येत नाही. सँडरच्या केबलमध्ये बहुधा दोन तारा असतात. त्यातली एक ०.७५ चौरस मिलिमीटरची तार म्हणजे ०.२ मिलिमीटर जाडीचे तांब्याचे २४ तंतू, एकमेकांत पिळलेले. बाइंडिंग वायर हातानं पुढं-मागं वाकवून आपण सर्वांनीच तोडली आहे. चार-सहा वेळा वाकवली की ती गरम होते, कडक होते आणि पट्कन तुटते. सँडरच्या तोंडाशी नेमकं हेच होतं, फक्त संथपणे. ड्रिल मशीन जागेवर उभं राहून काम करतं. सँडर दिवसभर दारावरून डावी-उजवीकडे फिरतो, आणि फिरताना त्याची तळपट्टी मिनिटाला दहा-बारा हजार वेळा थरथरते. प्रत्येक फेरीला वायर एकाच जागी वाकते. ती जागा म्हणजे मशीनपासूनचे पहिले तीन-चार इंच.

पहिला तंतू तुटतो तेव्हा उरलेले २३ त्याचा भार निमूटपणे वाटून घेतात. दुसरा तुटतो, तिसरा तुटतो; कोणी तक्रार करत नाही. शेवटी चार-पाच तंतूंवर सगळं मशीन चालतं. ते तंतू तापतात, त्यांच्यावरचं आवरण आतून मऊ होतं आणि नंतर करपतं. पण बाहेरचं काळं कवच आहे तसंच गुळगुळीत दिसतं. आपल्याकडची कितीतरी घरं आणि कितीतरी सरकारी खाती अशाच चार-पाच माणसांवर चालतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती अगदी ठणठणीत वाटतात. त्यामुळे या वायरीला परकं मानण्याचं काही कारण नाही. ती आपल्यातलीच आहे.

मशीन बनवणाऱ्यांना माणसाच्या या सामर्थ्याची कल्पना नसते. म्हणून ते वायर आत शिरते तिथं रबराचा एक निमुळता गार्ड बसवतात. वाक एका जागी न येता चार इंचांत पसरावा, असा त्यामागचा विचार. शिवाय आत दोन स्क्रूंची एक छोटी पट्टी असते. बाहेरून वायर ओढली गेली तर तो ताण स्विचच्या जोडापर्यंत जाऊ नये म्हणून ती वायरीला घट्ट पकडून ठेवते. ही दोन्ही साधनं माणसावरच्या अविश्वासातून जन्मली आहेत, आणि आपल्याकडे पहिल्याच दुरुस्तीत त्यांना निरोप दिला जातो. नवी वायर गार्डमधून ओवायला पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून गार्ड जातो. पट्टीचा स्क्रू भुशात पडतो आणि सापडत नाही, म्हणून पट्टी जाते. तिच्या जागी वायरीला आतून एक गाठ मारली जाते. गाठ मारताना मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मोठमोठ्या पुलांच्या उद्घाटनातही दिसत नाही. यापुढं मशीन घोडीवरून खाली सोडायचं असेल तर ते वायरीला धरूनच सोडलं जातं. गाठ आहे ना आत.

आता टेपकडे वळू. काळी इन्सुलेशन टेप ही आपल्या काळातली सर्वांत मोठी समेट घडवणारी वस्तू आहे. तिच्यात तुटलेलं तांबं जोडण्याची शक्ती नाही, आणि तसा दावा तिनं कधी केलेलाही नाही. तिचं काम निराळं आहे. जे तुटलं आहे ते दिसेनासं करायचं आणि पाहणाऱ्याच्या मनाला शांतता द्यायची. एखाद्या दुर्घटनेनंतर चौकशी समिती नेमली जाते तेव्हा आपल्याला जी शांतता लाभते, ती आणि ही एकाच जातीची. जुन्या कारखान्यातल्या सँडरच्या वायरीवर हे थर मोजता येतात. सर्वांत आत काळी टेप, तिच्यावर लाल, तिच्यावर खोकी बांधायची तपकिरी चिकटपट्टी, आणि एखाद्या कठीण दिवशी घाईत गुंडाळलेली जखमेवर लावायची पट्टी. प्रत्येक थर एका दुरुस्तीची नोंद आहे. उन्हाळ्यात आतला डिंक वितळून बाहेर येतो, त्यावर सागाचा भुसा चिकटतो आणि वायरीला लाकडाचा सुंदर रंग चढतो. कामाची वस्तू कामाशी एकरूप व्हावी ती अशी.

टेपचा आणखी एक गुण कमी लोकांच्या ध्यानात येतो. जिथं टेप गुंडाळली तिथं वायर ताठ होते; ताठ झाल्यामुळे ती तिथं वाकत नाही; आणि तिथं वाकत नाही म्हणून टेप संपते त्या कडेवर वाकते. महिन्या-दोन महिन्यांत नवा तुटका भाग बरोबर एक-दीड इंच पुढं तयार होतो. तिथं पुन्हा टेप लागते. अशा रीतीनं एका वायरीतून कित्येक दुरुस्त्या मिळतात. एकदाच नीट करून टाकली असती तर या साऱ्या दुरुस्त्या वाया गेल्या असत्या. टेप विकणारा, टेप लावणारा आणि टेप लावली का म्हणून विचारणारा, या तिघांचाही रोजगार तिनं टिकवला आहे.

शिक्षणाच्या बाबतीत तर या वायरीचे उपकार फिटण्यासारखे नाहीत. आयटीआयमध्ये दोन-दोन वर्षं घालवून मुलांना फेज कोणती, न्यूट्रल कोणती आणि टेस्टर कसा धरायचा ते शिकवतात. आपल्या बारक्याला या वायरीनं पहिल्या आठवड्यातच त्याच्या पुढचं शिकवलं. नेमक्या किती अंशांत वायर वळवली की मशीन चालतं, आत चट्चट आवाज आला तर किती क्षण थांबायचं, करपल्याचा वास कोणत्या पट्टीत आला की काळजी करायची आणि कोणत्या पट्टीत आला की नाही, हे कुठल्याही पुस्तकात नाही. वायर उजव्या खांद्यावरून सोडायची, डाव्या काखेत दाबायची आणि पालथ्या मनगटानं तिला हलकेच वर रेटायचं, ही मुद्रा पाहावी आणि एखाद्या शास्त्रीय नृत्याची आठवण व्हावी. ही विद्या गुरुमुखातूनच मिळते. आणि तिला शुल्क नाही. ते शेवटी एकदम घेतलं जातं.

काही शंकेखोर विचारतील, "अहो, पण एमसीबी आहे ना? धोका असता तर तो पडला नसता का?" या भाबड्या विश्वासाचं कौतुकच करायला हवं, कारण एवढं निर्मळ मन आता सहसा दिसत नाही. ३०० वॅटचा सँडर २३० व्होल्टवर साधारण १.३ अँपिअर वीज घेतो. भिंतीतला एमसीबी १६ अँपिअरचा. त्याला कळतं ते एवढंच, की ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली जाते आहे का. वायर आतून तुटत आली, टोकं एकमेकांना जेमतेम टेकू लागली, त्यांच्यात ठिणग्या पडू लागल्या की वीज वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. मग एमसीबीनं कशासाठी पडावं? त्याच्या दृष्टीनं सर्व काही नियमात चाललेलं असतं. आपल्या कक्षेत न येणाऱ्या आगीकडे इतक्या स्थिर नजरेनं पाहणारा हा एकच अधिकारी आपल्याकडे आहे असं मात्र नाही.

आरसीसीबी या उपकरणाचा स्वभाव याच्या अगदी उलटा. तो जाणारी आणि परत येणारी वीज सतत ताडून पाहतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी, कोणाच्या तरी अंगातून वीज जमिनीत जाते आहे असं दिसलं, की तो ०.३ सेकंदाच्या आत सगळं बंद करतो. घामेजलेल्या शरीराचा रोध हजार ओमच्या आसपास असतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअरच्या घरात वीज जाऊ शकते. दहा मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. हा सगळा हिशेब आरसीसीबीच्या डोक्यात बसलेला असल्यामुळे तो फार हळवा झाला आहे. टेप लावलेली वायर ओल्या लादीला लागली तरी तो पडतो. कामात सारखा व्यत्यय आणणाऱ्या माणसाला आपण जसं बैठकीतून वगळतो, तसंच जाणता वायरमन याला वगळतो आणि वायर सरळ जोडून देतो. त्या क्षणापासून साइटवर शांतता नांदते. त्याचं खरं म्हणणं काय होतं, हे विचारण्याची मग कोणाला गरज उरत नाही.

सँडरच्या अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला असतो. मशीनला दुहेरी आवरण आहे, म्हणून त्याला अर्थिंगची तिसरी तार लागत नाही, असा त्या चिन्हाचा अर्थ. हा भरवसा मशीनच्या पोटापुरता खरा असतो. वायर जिथं तोंडातून बाहेर पडते तिथं तो संपतो आणि पुढं टेपचं राज्य सुरू होतं. आपण मात्र ते चिन्ह मोठ्या मनानं वाचतो आणि त्याचा लाभ साऱ्या साइटला देतो. जुन्या लोखंडी अंगाच्या ग्राइंडरला तीन तारा असतात. त्यातली हिरवी तार पिन बदलताना कापून मागं दुमडली जाते, कारण शेजारच्या सँडरला तरी कुठं तिसरी तार आहे? समानतेचं तत्त्व इतक्या प्रामाणिकपणे फार थोड्या ठिकाणी पाळलं जातं. कधी पिनही लागत नाही. दोन उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत खुपसून आगकाडीनं पक्की केली की काम भागतं. आगकाडीच का, याचा विचार कोणी करत नाही. पण त्या जागेला दुसरी कोणतीही वस्तू इतकी शोभली नसती.

आगीचा विषय निघालाच आहे तर सँडिंगच्या खोलीत काय काय असतं तेही पाहू. सँडरमधून निघणारा भुसा रंध्याच्या टरफलासारखा जाड नसतो. तो पिठासारखा असतो. मशीनमध्ये, स्विचमध्ये, बोर्डाच्या भोकांत, सगळीकडे जाऊन बसतो. हवेत दाट पसरला तर तो लाकडासारखा सावकाश जळत नाही, भडकाच उडतो. त्याच खोलीच्या कोपऱ्यात मेलामाइनचे डबे, थिनरनं भिजलेले बोळे आणि अर्धं झाकण लावलेला कॅन असतो. दार बंद असतं, कारण शेजाऱ्यांना धूळ नको असते. पंखा बंद असतो, कारण पॉलिशवर कण बसतात. आणि या सगळ्याच्या मधोमध बारक्या वायर धरून उभा असतो. तिच्या आत मधूनमधून चट्चट ठिणगी पडते. मालक दाराशी येऊन विचारतात, "किती दिवस लागतील अजून?" हा प्रश्न ते रोज विचारतात. दुसरा प्रश्न सुचायला वेळ कोणाला आहे?

खर्चाच्या बाजूनं पाहिलं तरी टेपचं पारडं जड आहे. नवी वायर घालायची म्हणजे अडीच-तीन मीटर केबल आणि वीस मिनिटं. वीस मिनिटं ही काही थोडकी गोष्ट नव्हे. त्यापेक्षा दर दहा मिनिटांनी मशीन अर्धं मिनिट थांबलेलं बरं. एकेक थांबा इतका छोटा असतो की तो कोणाच्या वहीत लागत नाही. फिरता सँडर व्हिनियरवर मध्येच बंद पडून पुन्हा झटक्यानं सुरू झाला की तिथं एक गोल ओरखडा उमटतो, आणि पॉलिश झाल्यावर तो तिरप्या उजेडात आयुष्यभर दिसतो. त्यालाही लाकडाची नक्षी म्हणता येतं. सारख्या चालू-बंद होण्यानं स्विचचे आतले पॉइंट करपतात आणि स्विच जातो. मग स्विच बदलायला मशीन उघडलं जातं. तेव्हा वायरही बदलून टाका, असं कोणी सुचवत नाही; बाहेरून तर ती बरी दिसते. एका केबलचे पैसे वाचवून आपण एक दार, एक स्विच आणि एक दिवस खर्च केला, हे गणित फक्त कद्रू माणसालाच टोचेल.

अशी कद्रू माणसं अजून आहेत, हे न लपवता सांगितलं पाहिजे. ती सकाळी मशीन लावण्याआधी पहिल्या अर्ध्या फुटावरून बोटं फिरवतात. कुठं मऊ लागलं, कुठं बारीक झालेलं लागलं की पिन काढतात आणि वायरीचा तो सगळा भाग, वर आणखी चार-सहा इंच, पक्कडीनं कापून फेकतात. चांगल्या तांब्याचा हा अपव्यय ती डोळ्यांदेखत करतात. आतलं तांबं काळं पडलेलं निघालं तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत आणखी कापतात. मग वायर गार्डमधून ओवतात, पट्टी आवळतात, जोड स्विचमध्ये घट्ट बसवतात. मशीनचं झाकण बंद करण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून वायर चहूकडे वाकवतात, आणि त्याची शिटी एका क्षणासाठीही तुटली नाही ना, ते ऐकतात. टेपचं तर त्यांना वावडंच. केबल पूर्ण बदलायची झाली तर ताठ प्लास्टिकऐवजी लवचीक रबरी केबल घेतात. काम करताना वायर छताच्या आकड्यावरून वरून सोडतात, म्हणजे ती मशीनमागं फरफटत नाही आणि तोंडाशी काटकोनात मुडपत नाही. संध्याकाळी मशीनभोवती वायर करकचून गुंडाळत नाहीत, सैल वेटोळी करून टांगतात. काही कंपन्यांनी तर अशा लोकांच्या नादी लागून सँडरची वायर पिळून सुटी करता येईल अशी बनवली आहे. खराब झाली की मशीन न उघडता नवी लावायची. परंपरेची मुळंच उपटायची ही तऱ्हा.

खरं तर हा आजार जुनाच आहे. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांतला सुतारसुद्धा याला अपवाद नव्हता. वाकसाचा दांडा किंचित हलला तरी तो पाचर ठोकल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. पटाशीची धार बोटानं पाहिल्याखेरीज त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही, आणि करवतीचा एक दात वाकला तर तो कानस घेऊन उकिडवा बसायचा. "हत्यार सैल तर हात गेला," एवढंच त्या पिढीला कळायचं. काम खोळंबलं तरी चालेल पण हत्यार नीट हवं, हा त्यांचा हट्ट. आपण त्या हट्टातून बाहेर आलो. आता हत्यार कसंही असो, ते धरणारा हात बदलता येतो.

हत्यारांविषयी आपल्याला प्रेम नाही असा आरोप मात्र कोणी करू नये. दसऱ्याला, खंडेनवमीला कारखाना धुऊन निघतो. रंधा, करवत, ड्रिल, सँडर, सगळी एका पाटावर मांडली जातात. सँडरला हळदीकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि वायरीच्या त्या काळ्या वेढ्यांवरही एक बोट कुंकू जातं. ते वेढे ताइतासारखेच दिसतात. विश्वकर्म्याच्या तसबिरीसमोर नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. त्या दिवशी मशीन बंद असतं, पिन काढलेली असते, मिस्त्री मोकळा असतो, आणि पक्कड पाटावर, सँडरच्या शेजारीच ठेवलेली असते. वर्षभरात वायर बदलायला याहून सोयीचा दिवस येत नाही. पण पूजेच्या दिवशी हत्यार उघडू नये, एवढा विवेक आपल्याला आहे.

कायद्यानंही या परंपरेला सावली दिली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरून काम चालणाऱ्या जागी दहा माणसं असली की ती जागा कारखाना ठरे. २०२० च्या कामगार संहितेनं ही रेषा वीसवर नेली. एका फ्लॅटमध्ये एक मिस्त्री, दोन कारागीर आणि एक बारक्या असतो. रेषा त्यांच्या डोक्यावरून फार उंच जाते. कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यावी असा कायदा १९२३ सालीच झाला, पण बारक्या नेमका कोणाच्या कामावर होता? घरमालक म्हणतात, मी काम मिस्त्रीला दिलं. मिस्त्री म्हणतो, हा तर गावाकडून सोबत आला होता. देशात विजेच्या धक्क्यानं मरणाऱ्यांची मोजदाद दर वर्षी होते आणि आकडा दहा हजारांच्या पुढं जातो. त्या तक्त्यात वय आहे, स्त्री-पुरुष आहे, राज्य आहे. वायरीवर टेपचे किती वेढे होते, याचा रकाना नाही. तो असता तर कदाचित ही वायर इतकी निश्चिंत राहिली नसती.

हे सगळं मी दुरून लिहीत नाही. आमच्या घराचं काम चालू होतं, आषाढाचे दिवस होते. खिडकीतून आत आलेलं पाणी पुसलं होतं, लादी अजून ओलसर होती. बारक्या अनवाणी होता. मिस्त्री म्हणाला, "वायर जरा वर धर," आणि त्यानं धरली. टेप उन्हाळ्यातच सैल झाली होती. त्याचा हात वायरीवर मिटला आणि उघडेना. तो ओरडलाही नाही. त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मिस्त्री धावला आणि त्यानं बोर्डाची पिन लाथेनं उडवली. मुलगा मागच्या प्लायवुडच्या थप्पीवर कोसळला आणि थोड्या वेळानं उठून बसला. तो वाचला. त्याच्या तळहातावर करंगळीखाली डाळीएवढा पांढरा डाग पडला होता. तो त्या डागाकडे बघत राहिला, आणि मी त्याच्यासाठी जास्त साखरेचा चहा सांगितला.

मिस्त्रीनं वायर तपासली, टेप काढली, नवी टेप लावली. पाऊण तासानं मशीन पुन्हा सुरू झालं. मी दारात उभा होतो. वायर बदला, पैसे मी देतो, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. काम शुक्रवारपर्यंत संपायचं होतं, आणि मी विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" हा लेख ज्या शहाणपणाच्या बाजूनं लिहिला आहे, ते शहाणपण त्या दिवशी माझ्याकडे पुरेपूर होतं. ते आपल्या प्रत्येकाकडे आहे. ज्याच्या घरात काम चालतं तो कधी वायरीकडे पाहत नाही, ज्याचं मशीन असतं तो वायर स्वतः धरत नाही, आणि जो धरतो त्याला कोणी काही विचारत नाही. या तिघांमधून वीज जाते. धक्का मात्र एकालाच बसतो, आणि तो सोळा-सतरा वर्षांचा असतो.

तेव्हा या थोर परंपरेचं रक्षण करायचं असेल तर एका गोष्टीपासून फार सावध राहा. पक्कड वायरीच्या जवळ जाऊ देऊ नका. टेपचे सगळे थर, वायर वळवण्याची ती विद्या, वगळलेला आरसीसीबी, दुमडलेली हिरवी तार, आत मारलेली गाठ, हे सारं वीस मिनिटांत संपतं. एक काप, थोडं चकचकीत तांबं, दोन स्क्रू. मग मिस्त्री सँडर चालवतो आणि तो थांबत नाही. बारक्याला उभं राहण्याचं काही कारण उरत नाही. त्याचे दोन्ही हात मोकळे होतात, आणि त्याला एखादं खरं काम शिकवावं लागतं.